फोनवरची आई

नम्रता हाकोदातेच्या धक्क्यावर उभी राहून फटाके बघत होती, तेव्हा तिची आई जाऊन चार दिवस झाले होते. घरात ते सगळ्यांना माहीत होतं, अख्ख्या गावाला माहीत होतं. फक्त तिला माहीत नव्हतं.

हाकोदाते हे जपानच्या उत्तरेकडचं बंदर. तिथे म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासात ती काळजीवाहू म्हणून काम करायची. अंघोळी घालणं, भरवणं, कूस बदलणं, रात्री उठून बघणं. गावचं घर कोकणात, विजयदुर्गच्या खाडीपासून थोडं आत, चार आंब्याची कलमं, दोन काजूच्या बागा आणि घराखालची भातजमीन. पुण्याला राहून ती जपानी भाषा शिकली, परीक्षा दिली आणि आदल्या वर्षी इकडे आली. आल्यापासून रोज कामावरून सुटली की आईला फोन. आई म्हणजे सुनंदा. फोनवर ती फार बोलायची नाही. नमूने सांगायचं आणि तिने ‘व्हय गो’, ‘मगे?’ म्हणत ऐकायचं. पण त्या ‘मगे?’साठी नम्रता दिवसभर गोष्टी साठवायची.

फटाक्यांचं तर ती महिनाभर सांगत होती. उन्हाळ्यात इथे बंदरात फटाके उडवतात, सगळं शहर धक्क्यावर येऊन बसतं, पाण्यावर सगळं उलटं दिसतं. आईला फटाक्यांचं भारी वेड. देवळाच्या जत्रेत आतषबाजी सुरू झाली की बाकीच्या बाया मुलांना घेऊन मागे सरायच्या आणि ही दोन्ही कानांत बोटं घालून पुढे जायची.

“मी तुका दाखवतलंय,” नम्रताने सांगितलं होतं. “तुमच्याकडे तेव्हा दुपार आसतली. चाय घेवन बस.”

त्या दिवशी निवासातल्या ज्यांना बाहेर नेता येईल अशा पाच-सहा जणांना चाकांच्या खुर्चीतून धक्क्यावर नेलं होतं. नम्रताकडे मोरी-सान होत्या. नव्वदीच्या, हलक्या, बोलक्या. ऑगस्ट असला तरी समुद्रावरून गार वारा येत होता, म्हणून त्यांच्या गुडघ्यांवर पांघरूण घातलं होतं. मागे कोणीतरी म्हाकूल मासळी भाजत होतं. तो वास आला आणि नम्रताला पोटातून घर आठवलं. तिने व्हिडिओ कॉल लावला.

फोन ओमकारने उचलला. ओमकार तिचा धाकटा भाऊ. “ताई, हय मरणाचो पावस आसा, रेंज नाय. आमचो कॅमेरो बंद ठेवतंय, म्हणजे तुझा नीट दिसात.”

“आई खंय?”

“हय आसा. बाजूकच बसलीहा.”

“आये, आयकतंस मां?”

थोडा वेळ नुसता पावसाचा आवाज आला. मग आईचा आवाज. “आयकतंय गो बाय.”

“आवाज कसो इलो तुझो?”

“थंडी बाधली. तू दाखव.”

तिने फोन वर धरला. पहिला फटाका गेला, अंधारात बारीक रेघ ओढत, आणि वर जाऊन आभाळभर उघडला. खाली पाण्यातही तसाच उघडला. लोकांनी एकदम श्वास घेतला. नम्रता फोनमध्ये बोलत राहिली. हा बघ, हा शेवंतीसारखा. हा आता गळत गळत पाण्यापर्यंत येईल. पलीकडून ‘व्हय गो’, ‘केवढो मोठो तो!’ असं येत राहिलं. मोरी-साननी विचारलं, आई का? नम्रता हो म्हणाली आणि फोन त्यांच्याकडे वळवला. तेव्हा त्या म्हातारीने खुर्चीतल्या खुर्चीत पाठ सरळ केली, फोनकडे तोंड केलं आणि खोल वाकून नमस्कार केला. तुमची मुलगी माझी फार काळजी घेते, असं म्हणाली. नम्रताने ते मालवणीत सांगितलं.

मधूनमधून एक बाई माईकवर नावं वाचत होती. हा फटाका अमक्या दुकानाकडून, हा अमक्या शाळेकडून. एकदा एक नाव आलं आणि लोक गप्प झाले. नम्रताने फोन तोंडाजवळ घेतला.

“आये, ह्यो बघ. ह्यो कोणीतरी आपल्या मेलेल्या आवशीच्या नावान उडयल्यान.”

पांढराशुभ्र, मोठा, एकटाच फटाका होता तो. फोनमधून हुंदक्यासारखं काहीतरी ऐकू आलं. आईला गहिवरून आलं, असं नम्रताला वाटलं. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. मग ओमकार “रेंज गेली गो ताई” म्हणाला आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सारिकाचा निरोप आला. सारिका तिच्या शाळेतली मैत्रीण, आता देवगडला राहायची. ‘काकींचं कळलं गं. विश्वासच बसेना. बाराव्यापर्यंत आहेस ना? तू कधी पोचलीस?’

नम्रताने तो निरोप पुन्हा वाचला. मग सारिकाला फोन केला आणि दोन वाक्यांत सगळं समजलं. लावणीच्या दिवसांतला ताप. लेप्टो निघाला, चिखलपाण्यातून होतो तो. ओरोसच्या दवाखान्यात नेलं. रविवारी गेली. सारिका बोलता बोलता थांबली. “म्हणजे तुका म्हायतच नाय?”

“फटाके मी कोणाक दाखवलंय?” नम्रता म्हणाली. सारिकाला त्याचा अर्थ कळला नाही.

तिने घरी फोन लावला. बाबांनी उचलला.

“आईक द्या.”

“जरा थांब.” मग फोनवर हात ठेवल्याचा आवाज, पावलं, कुजबुज. मग तोच बसलेला, ओळखीचा आवाज. “बोल गो बाय. जेवलंस?”

नम्रता ऐकत राहिली. हा आवाज जगात दोन बायकांचा होता. सुनंदाचा आणि तिच्या थोरल्या बहिणीचा. लहानपणी सावित्रीमावशी राहायला आली की न्हाणीघरातून कोणी हाक मारली ते कळायचं नाही, आणि दोघी बहिणी त्याच्यावर हसायच्या.

“मावशे,” ती म्हणाली.



“मावशे, माझी आई खंय?”

फोन खाली पडल्यासारखा आवाज झाला. मग मावशीचं रडणं दुरून ऐकू यायला लागलं. बाबांनी फोन घेतला. “नमू, आयक, तुका त्रास होतलो म्हणान...” तिने फोन बंद केला.

निवासाच्या व्यवस्थापक कोबायाशी बाईंकडे ती तशीच गेली. आई वारली, असं सांगितलं. कधी, असं त्यांनी विचारलं. रविवारी. कोबायाशी बाईंनी भुवया वर केल्या. “मग तेव्हाच का नाही सांगितलंत? तेव्हाच पाठवलं असतं.” “मला माहीत नव्हतं,” नम्रता म्हणाली. बाईंना वाटलं, हिने क्रियापद चुकवलं. त्यांनी सोप्या शब्दांत, सावकाश पुन्हा विचारलं. नम्रताने पुन्हा तेच सांगितलं, सावकाश. मग बाई उठल्या, दार लावलं आणि स्वतः तिच्या तिकिटाच्या मागे लागल्या. रजेला एकदाही नाही म्हणाल्या नाहीत. एक कागदसुद्धा आधी मागितला नाही. परत कधी येशील ते तिथून कळव, म्हणाल्या.

विमानात नम्रता रडली नाही. शेजारच्या माणसाने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का. बरं वाटतच नव्हतं. पण तो आजार नव्हता. त्या धक्क्यावरच्या गार वाऱ्यात आपण एकेक फटाका वर्णन करून सांगत होतो, आणि तिकडे सुतकाच्या घरात माणसं गोल बसून ऐकत होती. कोणी चहा पीत असेल. कोणी मावशीला खूण करत असेल, बोल, काहीतरी बोल. प्रत्येक वेळी ती तिथपर्यंत यायची आणि तिच्या हातांच्या मुठी वळायच्या.

गोव्यात मोपाच्या विमानतळावर उतरून तिने गाडी केली. कोणाला कळवलं नाही. घरासमोर आली तेव्हा भर दुपार होती आणि पाऊस धो धो पडत होता. अंगणात ताडपत्री बांधलेली. ओट्यावर चार पुरुष बसले होते. त्यांनी तिला ओळखलं आणि एकेक करून बोलणं थांबवलं.

माजघरात आईचा फोटो ठेवला होता, हार घातलेला, समोर समई. फोटो कुठला ते तिने बघताक्षणी ओळखलं. ती जपानला निघाली त्या दिवशीचा. दोघी पायरीवर उभ्या होत्या, गळ्यात हात घालून. तिला कापून टाकलं होतं. फक्त आईच्या खांद्यावर चार बोटं राहिली होती.

ओमकार आतून आला. “ताई.” त्याने तिची बॅग घ्यायला हात पुढे केला. तिने बॅग सोडली नाही.

“फोन तुझ्याच हातात होतो मां?”

तो खाली बघत राहिला.

“माझ्याकडे बघ. फोन कोणी धरलेलो?”

“मी.”

“आणि ‘बाजूकच बसलीहा’ कोण बोललो?”

“बाबांनी सांगल्यानी...”

“बाबांनी सांगल्यानी! तू तेवीस वर्षांचो घोडो झालंस!” तिचा आवाज चढला. ओट्यावरचे पुरुष चुळबुळले. “एक मेसेज टाकूक येय नाय होतो तुका? ‘आई आजारी आसा.’ तीन शब्द. हागऱ्यामुतऱ्या म्हाताऱ्यांका मी भरवतंय थंय, अनोळखी माणसांका, आणि माझी आई हय मरता आणि माका कोण सांगणा नाय!”

स्वयंपाकघराच्या दारात सावित्रीमावशी आली. अंगावर आईचंच लुगडं होतं की तिचं, ते नम्रताला कळेना. दोघींची सारखीच असायची. मावशी तिला धरायला पुढे आली. “बाय गो माझे...”

“बोलू नको!” नम्रता ओरडली. “तू एक शब्द बोलू नको. ह्या आवाजात तर नायच.”

मावशीने पदर तोंडावर घेतला आणि ती जागच्या जागी खाली बसली. त्यानंतर चार दिवस ती नम्रतासमोर खरंच एक शब्द बोलली नाही. ताट वाढून ठेवायची आणि निघून जायची. नम्रताला ते बघून वाईट वाटलं नाही, असं नाही. पण वाईट वाटलं की लगेच फटाके आठवायचे आणि ताट तसंच राहायचं.

बाबांकडून तिला त्या चार दिवसांत फारसं काही मिळालं नाही. शंकर तसा अबोलच माणूस. विचारलं की एकच उत्तर. “तुझ्याच बऱ्यासाठी केलंय. तुका रजा गावची नाय होती.”

“कोणाक विचारलास? माझ्या बाईंका विचारलास? माका विचारलास?”

“एजंट बोललेलो.”

मग ते हळूहळू बाहेर आलं. ओमकारचंही जपानला जायचं चाललं होतं. तोही भाषेचा क्लास करत होता, मुलाखत पुढच्या महिन्यात होती. एजंटाने कधीतरी सांगितलं होतं, घरातलं एक माणूस करार मोडून मधेच परत आलं तर दुसऱ्याचा विचार होत नाही. नम्रताने तिथेच त्या एजंटाला फोन लावला, स्पीकरवर. आई वारल्यावर रजा घेऊन आलं तर ते करार मोडणं होतं का? “छे, छे. काहीतरीच काय. तुम्ही फक्त कळवायचं.” तिने फोन ठेवला आणि दोघांकडे बघितलं. बापाकडे आणि भावाकडे. इतकं सोपं होतं. कोणी विचारलंच नव्हतं.

त्या रात्री ओमकार म्हणाला, “मी जाणंय नाय जपानाक.”

“माझ्यार उपकार नको,” ती म्हणाली. “तू हय रवलंस तर उद्या बोलतलंस, ताईमुळे रवलंय. जा. पण माझ्या जवळपास खंयचा काम घेव नको.”

बाराव्याला घर भरलं. देवगडहून, ओरोसहून, मुंबईहून माणसं आली. पानं मांडली. नम्रता बायकांच्या पंगतीत बसली नाही, दाराला टेकून उभी राहिली. पुरुषांच्या पंगतीत महादूकाका बसले होते. बाबांचे चुलतभाऊ, वाडीतले मोठे. वडा मोडता मोडता ते मोठ्याने म्हणाले, “शंकराची कमाल हा पण. बायल मेली, पण परमुलखात आसलेल्या चेडवाक कळाक दिल्यान नाय. सगळा दुख्ख पोटात ठेवल्यान. बापूस आसाक व्हयो तर असो.”

दोन-तीन जणांनी माना हलवल्या. बाबा पानाकडे बघत होते. त्यांनी नाही म्हटलं नाही.

नम्रता दारातून पंगतीच्या मधोमध आली.

“काकानू, ह्यांनी काय केला ता तुमका पुरा ठाऊक नाय. मी सांगतंय.”

“नमू,” बाबा म्हणाले. “जेवताहत लोक.”

“जेवांदेत. ह्यांनी मेलेल्या बायलेच्या जाग्यार मावशेक बसयल्यानी. फोनार. ‘तू सुनंदा हो’ म्हणान. मी थंय तासभर उभी रवान माझ्या आवशीक फटाके दाखवतंय, आणि हय तुमी सगळे बसान मजा बघतास. त्या दिसा कोण कोण होता हय? काकानू, तुमी होतास?”

महादूकाकांचा हात पानावरच राहिला. ते होते. ते त्यांच्या तोंडावर दिसलं.

“मी तिका विचारलंय, तुका थंडी बाधली काय. त्या मुलखातल्या म्हातारेन तिका वाकान नमस्कार केल्यान. कोणाक केल्यान तो? सांगा. कोणाक?”

“गप रव!” बाबा उभे राहिले. “घराची अब्रू काढतंस चार माणसांत?”

“गप रवणारा माणूस गेला ह्या घरातला,” ती म्हणाली. “आता कोण गप रवाचा नाय.”

तेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून आवाज आला. चार दिवसांनी मावशी बोलत होती, आणि नम्रताच्या अंगावर काटा आला, कारण तो आईचाच आवाज होता.

“माका बोलूक दी गो. एकदाच. मगे मी बोलूचंय नाय.” मावशीने भिंतीचा आधार घेतला. “ती तुझा नाव घेय होती. ओरोसाक न्हेल्यावर, शुद्ध होती तवसर. ‘नमूक फोन लाव’ म्हणी. माका म्हणी, तुझ्या बापाशीक म्हणी. मी ह्यांका सांगलंय, लावया. हे बोलले, चेडू ड्युटीर आसा, उद्या लावया. दुसऱ्या दिसा तिणा डोळे उघडूक नाय.”

बाहेर ताडपत्रीवर पाऊस वाजत होता.

“पयल्या दिसा ह्यांनी माका सांगल्यानी, तू बोल, तिका घोर नको. तेव्हा सुनंदा जिती होती. माका वाटला, ती बरी होतली आणि मगे आमी तिघीय हसतलंव ह्याच्यार. मगे ती गेली. मगे माका थांबाक येय नाय.” मावशी नम्रताकडे बघत नव्हती. “त्या म्हातारेन नमस्कार केल्यान तेव्हा माका वाटला, धरणीन पोटात घेवक व्हया.”

महादूकाकांनी पानावर हात धुतले आणि उठले. त्यांच्यामागून आणखी काही उठले. कोणी नम्रताशी बोललं नाही. एक आत्या जाता जाता म्हणाली, “आजच्या दिसाक ह्या करूक नको होता.” पण मुंबईहून आलेली विनीता, चुलतबहीण, पंगतीतून उठून तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. नुसती उभी राहिली, सगळी माणसं जाईपर्यंत.

बाबा गोठ्यात जाऊन बसले होते. नम्रता थोड्या वेळाने तिथे गेली. ती समजूत काढायला गेली नव्हती.

“तिणा माझा नाव घेतल्यान?”

“व्हय.”

“आणि तुमी फोन लावलास नाय.”

“लावक नाय.” त्यांनी गवताची काडी मोडली. “नमू, रजा, एजंट, ता सगळा मागसून. मी घाबरलंय.”

“कोणाक?”

“तुका.” ते पहिल्यांदा तिच्याकडे बघत बोलले. “तिका ताप होतो. माका म्हणाली, आंग दुखता, आज येणंय नाय. लावणेक माणूस गावा नाय. भाताचो तरवो वाढान चललेलो. मी म्हटलंय, दोन दीस काढ, मगे झोप. दोन दीस चिखलात उभी होती ती. तापात. तुका फोन लावलंय आसतंय तर ती तुका ता सांगता. पयला ताच सांगता.”

नम्रताला वाटलं होतं, खरं कारण कळलं की राग कुठेतरी जाऊन टेकेल. तो टेकला नाही. उलट इतका वर आला की तिला शेजारच्या खांबाला धरावं लागलं. हा माणूस बायको मरेल म्हणून घाबरला नव्हता. मुलीला कळेल म्हणून घाबरला होता.

“परत सांगा,” ती म्हणाली.

“काय?”

“आता सांगितलास ता. परत. ‘मी तिका तापात लावणेक उभी केलंय.’”

“नमू...”

“परत सांगा.”

त्यांनी पुन्हा सांगितलं. शब्द तुटत होते, तरी सांगितलं. ती ऐकत उभी राहिली आणि संपल्यावर निघून गेली. त्यांना तिने हात लावला नाही, पाणी विचारलं नाही. घरी येऊन माजघरातला फोटो काढला, काच उघडली, आपल्या फोनमधला न कापलेला फोटो ओमकारला पाठवला आणि सांगितलं, “उद्या देवगडाक जावन ह्यो करून आण. पुरो.”

निघायच्या दिवशी सगळे पायरीवर आले. ती कोणाच्या पाया पडली नाही. मावशीने कोकमाची पुडी पुढे केली. नम्रताने ती घेतली.

“मावशे, मी इलंय की बोलया. समोर. पण फोनार माझ्याशी तू कधी बोलू नको. माका जमाचा नाय.”

मावशीने मान हलवली.

“आणि तुमी,” ती बाबांना म्हणाली, “ह्यापुढे ह्या घरात कोणाक काय झाला, तर माका त्याच दिसा कळाक व्हया. बरा झाल्यावर नाय. आधी. तुमी स्वतः फोन करूचो. ओमकारान नाय, मावशेन नाय. तुमी.”

शंकरने आयुष्यात कधी कोणाला आपणहून फोन केला नव्हता. पण त्यानंतर तो करायला लागला. नम्रता सकाळी कामावर निघायच्या आधी फोन वाजायचा. तिकडे तेव्हा पहाट असायची. तो ना ‘कशी आसस’ विचारायचा, ना हवापाण्याचं बोलायचा. नुसती वाईट बातमी सांगायचा. म्हैस दूध देत नाही. सावित्रीचा गुडघा सुजलाय. ओमकार मुलाखतीत नापास झाला. वरच्या काजूला कीड लागली. नम्रता ऐकायची, ‘बरा’ म्हणायची आणि फोन ठेवायची. कधी कधी तेवढंही म्हणायची नाही. आई असती तर काय म्हणाली असती, असा विचार आला की तिला बाबांचा आवाजही सहन व्हायचा नाही. तरी ती फोन उचलायची.

डिसेंबरात बर्फ पडायला लागला. एका सकाळी ती निवासाच्या कपडे बदलायच्या खोलीत होती, शेजारी दोन जपानी मुली बूट काढत होत्या. फोन आला.

“नमू. माझ्या पायाक कोयती लागली.”

“कधी?”

“झाडाची कवळां तोडताना.”

“कधी लागली, बाबा?”

“परवा.”

“परवा?” तिचा आवाज एवढा मोठा झाला की त्या मुली दचकून वळल्या. “परवा लागली आणि आज सांगतास? काय सांगितलेला मी? त्याच दिसा म्हणान सांगलंय मां? इंजेक्शन घेतलास?”

“नाय. हळद लावलंय. सूज इलीहा थोडी.”

“हळद! ओमकाराक उठवा. आत्ता. तेका गाडी काढूक सांगा.”

“उजाडांदे जरा...”

“उजाडाक थांबाचा नाय! आत्ता उठवा! मी फोन ठेवणंय नाय. चला. चलताना माका आयकाक येवक व्हया.”

मग फोनमधून लंगडत चालल्याची पावलं ऐकू यायला लागली. दाराची कडी. बाबांची हाक, “ओमकार, उठ रे, ताई ओरडता.” नम्रता फोन कानाला घट्ट धरून, एका पायात बूट आणि एक पाय अनवाणी, तशीच उभी होती. कामाची वेळ झाली होती. एका मुलीने घड्याळाकडे बोट दाखवलं. नम्रताने तिला हातानेच थांबायला सांगितलं.